ड्रायरच्या जाळीतला कापूस

आमच्या कपडे वाळवायच्या ड्रायरच्या जाळीतून दर खेपेला मूठभर राखाडी कापूस निघतो, आणि माझ्या आईला कापूस टाकवत नाही.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी ती मिरजेहून इथे न्यू जर्सीला आली. पहिल्याच आठवड्यात मी बेसमेंटमध्ये जाळीवरचा थर बोटांनी गुंडाळून कचऱ्यात टाकत होतो, तर मागून आवाज आला, "अरे, टाकतोस काय? केवढा पिंजलेला कापूस आहे." हा कापूस म्हणजे आपल्याच कपड्यांची झीज, टॉवेल, बनियन, पायमोजे आणि वर घरातल्या सगळ्यांचे केस, हे मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो थर एका वेगळ्या पिशवीत जमायला लागला.

नोव्हेंबरात त्रिपुरी पौर्णिमा आली. बॅगेतून आणलेला वातींचा कापूस दिवाळीतच संपला होता आणि तान्ह्या बाळाच्या गडबडीत इंडियन स्टोअरला कोणी गेलं नव्हतं. "देवाला नको, पायमोज्यांचा आहे. बाहेरच्या पणतीला चालेल," असा निवाडा आईने स्वतःच दिला आणि चार लांब करड्या वाती वळल्या. दिसायला झकास. डेकवर, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्यावर, पणती ठेवली, तेल घातलं, काडी लावली. कापसाची वात कशी, आधी टोकाशी जरा कुरकुरते, तेल ओढते, मग ज्योत धरते. ही भस्सकन अख्खी पेटली. काठाबाहेरचा तुकडा हातातली काडी विझायच्या आत संपला, केस जळाल्याचा वास सुटला आणि पणतीच्या काठाला डांबरासारखा काळा गोळा चिकटला. त्या कापसात पॉलिएस्टरही असतंच की.

आईने हात झटकला आणि विचारलं, "हे असलं त्या मशीनमध्ये असतं?"

असतं. आणि त्याच मशीनमध्ये खाली गॅसचा बर्नर असतो. मी औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करतो, तिथे एकेका ओव्हनच्या तापमानाची दिवसातून दोनदा नोंद करतो. घरातल्या या ओव्हनकडे मात्र पाच वर्षांत जाळी काढण्यापलीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

ज्यांच्याकडे ड्रायर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कपडे गोल फिरत्या पिंपात असतात, पंखा गरम हवा त्यांच्यातून ओढतो, ती ओली हवा जाळीतून गाळून चार इंची पाइपाने घराबाहेर जाते. जाळी बराचसा कापूस (इथे त्याला लिंट म्हणतात, मीही तेच म्हणणार) अडवते, सगळा नाही. सुटलेला लिंट पाइपात बसतो, पिंपाभोवती बसतो, बर्नरपाशीही बसतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा हिशोब मांडला होता: घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला साधारण २९००, त्यात ५ मृत्यू आणि १०० जखमी. कारणांत पहिला नंबर वायरिंगचा असेल असं मला वाटलं होतं. पहिला नंबर होता साफसफाई न करण्याचा, ३४ टक्के. आणि सर्वांत जास्त आगी जानेवारीत.

पण आमच्याकडे जे होता होता राहिलं, ते लिंटमुळे नव्हे. तेलामुळे.

बाळाला रोज सकाळी मालिश. थंडी पडल्यावर खोबरेल बाटलीत गोठायला लागलं म्हणून आईने तिळाचं तेल काढलं. मालिश करताना मांडीवर दुपटं, त्यावर आणखी एक दुपटं, पुसायला आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे. हे सगळं मशीनमध्ये धुतलं जायचं, तेही गार पाण्यात, कारण बाळाचे कपडे विटतील. तेल पुरतं निघत नव्हतं. हाताला कळायचं नाही, पण ड्रायरमधून काढलेल्या दुपट्यांना नेहमी जरा खमंग वास असायचा. आम्हाला तो आवडायचाही.

डिसेंबरात एका रात्री दहाच्या सुमारास मी ड्रायर मध्येच बंद केला, कारण मला झोपायचं होतं आणि शेवटची दहा मिनिटं तो नुसताच गार हवेवर फिरतो. गरमागरम दुपटी चळत करून टोपलीत दाबली, टोपली वरच्या मजल्यावर पॅसेजमध्ये ठेवली. साडेबाराला बाळ उठलं. बायको पॅसेजमध्ये आली आणि म्हणाली, "कढईत काही राहिलंय का?" कढई घासून पालथी घातलेली होती. वास टोपलीतून येत होता. मी मध्ये हात घातला. अडीच तासांनी ती चळत गार व्हायला हवी होती, तर मधलं दुपटं मी काढलं तेव्हापेक्षा गरम होतं. चटका बसेल इतकं. टोपली उचलून पायजम्यावरच डेकवर पळालो आणि एकेक दुपटं बर्फासारख्या फळ्यांवर पसरलं. अगदी मधल्या दुपट्यावर तळहाताएवढा डाग, तव्यावर जरा जास्त राहिलेल्या पोळीसारखा.

दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लाज वाटली, कारण यातलं रसायनशास्त्र मला येतं. तिळाचं, सूर्यफुलाचं, सोयाबीनचं तेल हवेतला प्राणवायू धरतं आणि धरताना उष्णता सोडतं. जवसाचं तर सर्वांत जहाल, म्हणून त्याच्या पॉलिशच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका असं सुतारांना सांगतात. एकटं फडकं पसरलेलं असलं तर ती उष्णता उडून जाते. ड्रायरने आधीच तापवलेल्या दुपट्यांची चळत दाबून ठेवली की ती आतच कोंडते, तापमान वाढतं, वाढलं की क्रिया आणखी भरभर होते, आणि काही तासांनी काडी न लावता कपडा पेटू शकतो. खोबरेल या बाबतीत बरंच गरीब आहे. ड्रायरची ती शेवटची गार दहा मिनिटं यासाठीही असतात, आणि मी तीच कापली होती.

आता तेलाची दुपटी ड्रायरमध्ये जातच नाहीत. गरम पाण्यात, दुप्पट साबण घालून धुतो आणि बाथरूममधल्या घडीच्या स्टँडवर वाळत घालतो. स्वयंपाकघरातली तळणाची फडकीही तिथेच. आई म्हणाली, "मग मिरजेत काय वेगळं करत होतो?" सोसायटीच्या नियमात डेकवर दोरी बांधायला बंदी आहे, नाहीतर तिने ती पहिल्याच दिवशी बांधली असती.

चळतीच्या प्रकरणाला पंधरा दिवस होतात न होतात तोच ड्रायर गार पडला. पिंप फिरतंय, हवा थंड. खरं तर महिनाभर तो सांगत होता. टॉवेल एका फेरीत वाळत नव्हते, दोनदा लावावे लागत होते, आणि मशीनचा माथा हात ठेववणार नाही इतका तापायचा. मी थंडीला दोष देत होतो.

मेकॅनिक आला, मागचं पत्र्याचं झाकण काढलं आणि अंगठ्याएवढा पांढरा तुकडा माझ्या हातावर ठेवला. थर्मल फ्यूज. त्यावर १९६ फॅरनहाइट लिहिलेलं, म्हणजे ९१ सेल्सिअस. हवा तेवढी तापली की तो एकदाच तुटतो, पुन्हा जुळत नाही. नवा फ्यूज टाकायला त्याला दहा मिनिटं लागली. जाताना तो म्हणाला, "फ्यूज बिघडला नाही. त्याने काम केलं. बिघाड पाइपात आहे, तो काढला नाहीस तर मी महिन्याभरात परत येईन आणि परत पैसे घेईन." असा सरळ माणूस क्वचित भेटतो.

त्याने हेही सांगितलं की काही लोक फ्यूज काढून तिथे सरळ वायर जोडतात. मला आमचे बाबा आठवले. मिरजेच्या घरी मे महिन्यात फ्यूज उडाला की ते वायरचे चार-पाच पदर एकत्र पिळून चिनी मातीच्या किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खोबणीत) बसवायचे, "आता उडतो का बघू" म्हणत. तो उडायचा नाही. एकदा मीटरपेटीच काळी पडली.

तर पाइप. शनिवारी सकाळी आधी गॅसचा कॉक बंद केला (दांडा पाइपाला आडवा आला की बंद), प्लग काढला आणि मशीन हळूहळू पुढे घेतलं, मागची गॅसची लवचिक नळी ताणली जाणार नाही इतकंच. मागे चंदेरी फॉइलची सुरकुतलेली नळी होती, मशीन भिंतीला रेटल्यामुळे पापडासारखी चेपलेली. तिथून पाइप वर छताला, तिथून तुळईला वळसा घालून मागच्या भिंतीबाहेर. टेपने मोजला: बावीस फूट आणि तीन काटकोनी वळणं. इथल्या घरबांधणीच्या नमुना संहितेत मर्यादा ३५ फुटांची आहे, आणि दर काटकोनाला ५ फूट वजा. म्हणजे आम्हाला परवानगी वीस फुटांची. बांधणाऱ्याने दोन फूट उधार घेतले होते.

बाहेरच्या तोंडाशी खरा चोर सापडला. आधीच्या मालकाने पक्षी आत येऊ नयेत म्हणून तिथे बारीक तारेची जाळी बसवली होती. चांगल्या हेतूने बसवली असणार, पण या तोंडाला जाळी लावायचीच नसते, कारण लिंट तिथेच अडतो. आमच्या जाळीवर घोंगडीच्या जाडीचा थर होता. नखाने सोलला तर अखंड निघाला.

पाइप साफ करायला लांब लवचिक काड्यांचा ब्रश मिळतो, एकीला एक आट्यांनी जोडत जायचं आणि ड्रिलला लावून फिरवायचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की उजवीकडेच फिरवा. मी बाहेरून आठ फूट आत गेलो, ब्रश अडकला, तो सोडवायला ड्रिल उलटं फिरवलं आणि काडी मोकळी हातात आली. ब्रश आतच. डावीकडे फिरवल्यावर आटे सुटणार, हे पाचवीतल्या पोरालाही कळेल. पुढचा तासभर मी डिसेंबरच्या वाऱ्यात पालथा पडून आंधळेपणाने आट्यात आटे बसवत होतो आणि आई खिडकीतून विचारत होती, "माणूस बोलावू का?" शेवटी बसले. दोन मोठ्या पिशव्या भरून लिंट निघाला. त्यातली एकही पिशवी आईने ठेवून घेतली नाही, हे नोंदवायला हवं.

चेपलेली नळी टाकून तिथे आतून गुळगुळीत असा कडक पत्र्याचा पाइप घातला, मशीनजवळ तेवढा छोटा लवचिक तुकडा. सांध्यांना अॅल्युमिनियमची चिकटपट्टी. डक्ट टेप नावाची जी कापडी राखाडी पट्टी असते ती डक्टला चालत नाही, उष्णतेने सुटते. नाव कोणी ठेवलं देव जाणे. स्क्रूही नाहीत, त्यांची टोकं आत येतात आणि लिंटला खुंटी मिळते. बाहेर जाळीऐवजी झडप. ड्रायर चालू असताना ती उघडून गरम वारा आला पाहिजे, बंद झाला की मिटली पाहिजे. आमची झडप जमिनीपासून दीड फुटावर आहे, त्यामुळे जानेवारीत बर्फ पडला की आधी ती उकरायची, मग गाडी. गॅसच्या ड्रायरचं तोंड बुजलं तर आग तर राहिलीच, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात फिरतो. त्याचा अलार्म बेसमेंटमध्ये आहे, बॅटरी त्याच दिवशी बदलली.

टॉवेल आता पंचेचाळीस मिनिटांत वाळतात.

बारीकसारीक आणखी दोन गोष्टी कळल्या. जाळी साफ दिसते म्हणजे साफ असते असं नाही. कपडे मऊ आणि सुगंधी करायला जे पातळ कागद ड्रायरमध्ये टाकतात, त्यांचा मेणचट थर जाळीच्या भोकांवर बसतो. जाळी नळाखाली धरली तर आमच्या जाळीवर पाण्याचं तळं साचलं. जुन्या टूथब्रशने भांड्याचा साबण लावून घासली, तेव्हा पाणी आरपार पडलं. ते कागद बंद केले. दुसरं, साडी. आईची सुती साडी बाळाच्या कपड्यांबरोबर टाकली तर पिंपात तिचा पिळदार दोर होतो, आणि पोटात दुपट्याचा ओला गोळा. बाहेरून कडकडीत, आतून चिंब. साडी एकटीच टाकायची, अर्ध्यावर काढून झटकायची. आईचं म्हणणं, टाकायचीच कशाला. या एका मुद्द्यावर ती परत जाईपर्यंत आमचं एकमत झालं नाही. रात्री झोपताना किंवा बाहेर जाताना ड्रायर लावायचा नाही, यावर मात्र झालं. आणि कधी आत धूर दिसलाच तर दार उघडून बघायचं नाही, उघडलं की आगीला हवा मिळते. बाळाला घेऊन बाहेर पडायचं आणि ९११ला, इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन.

आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांचे पाइप एकाच पद्धतीने गेलेत. परवा कुंपणापलीकडे पाहिलं तर शेजाऱ्यांच्या तोंडालाही तशीच तारेची जाळी, आणि तिला करडी दाढी. त्यांना पणतीची गोष्ट सांगितली. ब्रश मागून नेलाय त्यांनी. उजवीकडेच फिरवा, असं तीनदा सांगून दिलाय.