एकचाकी घेऊन बाहेर पडताना: माझा अनुभव

युनिसायकलला, म्हणजे एकचाकीला, फ्रीव्हील नसतं, म्हणजे पाय थांबवून चाक मोकळं फिरू देणारी सोय नसते. पेडल थेट चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, जोडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच आणि पाय थांबले की चाकही थांबलं. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर याचं काही वाटत नाही. बाहेर रस्त्यावर, पायवाटेवर आलं की मात्र सगळा खेळ याच एका गोष्टीभोवती फिरतो.

मी शिकले २० इंची चाकावर, भिंतीला धरून. सरळ जाता यायला लागलं, वळता यायला लागलं, आधाराशिवाय चढताही आलं, तेव्हा बाहेर निघाले. सुरुवात रस्त्यापासून केली आणि अजूनही कुणी विचारलं तर हाच क्रम सांगते. रस्त्यावर खड्डे-दगड कमी असतात, त्यामुळे लक्ष स्वतःच्या शरीराकडे देता येतं. पहिलं लक्षात आलं ते मांड्यांचं. थोडंसं अंतर गेलं की मांड्या पेटायच्या आणि उतरावं लागायचं. कारण साधं होतं. तोल जाईल या धास्तीने सगळं वजन मी पेडलवर तोलत होते, म्हणजे अख्खा रस्ता अर्धवट उभी राहून कापत होते. वजन सीटवर टाकायचं आणि पायांनी फक्त चाक फिरवायचं, हे शरीराला पटायला बराच काळ गेला. पटलं त्या दिवसापासून अंतर आपोआप वाढत गेलं. मग पुढचा प्रश्न सीटचा. सायकलवर थोडं वजन हँडलवर, हातांवर जातं. इथे ते सगळं एकाच जागी. जाड अस्तराची सायकलिंगची चड्डी हवीच, आणि दर थोड्या वेळाने पेडलवर क्षणभर उठून रक्त फिरू द्यायचं. ते टाळलं तर अंग बधिर होतं.

दुसरी गोष्ट आजवर कधी जाणवलीच नव्हती. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात. गाडीत बसून हे कळत नाही. एकचाकीवर कडेने जाताना चाक आपलं आपण एका बाजूला वळू पाहतं, आणि सरळ जायचं तर कंबर सतत किंचित पिळून धरावी लागते. त्यामुळे एकाच बाजूला रग लागते. टायर जाड, उंचवट्यांच्या नक्षीचा आणि हवा कमी असेल तर ही ओढ फार जाणवते. रस्त्यावर जाताना टायर घट्ट भरायला लागले, पुढे रस्त्यासाठी सपाट नक्षीचा टायर घेतला, आणि हा त्रास बराच कमी झाला.

पायवाटेसाठी मी २४ इंची चाक घेतलं. रुंद टायर, १५० मिलिमीटरचे क्रँक, म्हणजे पेडलला हबशी जोडणाऱ्या दांड्या. लांब क्रँकमुळे जोर चांगला लागतो, पण पाय मोठ्या वर्तुळात फिरतात म्हणून वेग कमी. आखूड क्रँकचं याच्या उलट. इथे हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडाला बिलगून पुढे सरकतो. किती कमी, तर सीटवर बसून चाक दणकन आपटलं तरी रिम जमिनीला लागता कामा नये, इतपत. वजनागणिक हे बदलतं, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा घेऊन उपयोग नाही.

आता झाडाच्या एका मुळाबद्दल, कारण मला खरं शिकवलं त्याने. वाटेत एका वळणापलीकडे झाडाचं एक मूळ आडवं आलेलं होतं. मनगटाएवढं जाड, वरची साल पावलांनी घासून चकचकीत झालेली. कधी मी त्यावरून सहज जायचे आणि कधी चाक तिथेच खिळायचं आणि मी पुढे उतरायचे. वेग तोच, जागा तीच. मग एकदा थांबून नीट पाहिलं. क्रँक आडवे असताना, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे असताना मुळाला टेकलं, तर पुढचा पाय दाबला की चाक वर चढतं. क्रँक उभे असताना टेकलं, तर खालच्या पायावर कितीही जोर द्या, तो जोर सरळ जमिनीत जातो, चाक तसूभरही हलत नाही. प्रत्येक फेरीत अशा दोन मेलेल्या जागा येतात. फरशीवर चाकाच्या गतीने त्या निघून जातात, मुळापाशी गती मरते आणि त्या उघड्या पडतात.

२४ इंची चाक एका फेरीत साधारण १.९ मीटर जातं. म्हणजे क्रँक आडवे येतात ते सुमारे ९५ सेंटिमीटरच्या अंतराने. मूळ काही तुमच्या सोयीने त्या जागी येणार नाही, मग आपणच हिशेब जुळवायचा. आधी काही मीटरवरून मुळाकडे पाहायचं आणि सरळ न जाता किंचित नागमोडी जायचं, की वाट थोडी लांबते आणि क्रँक हवे तसे आडवे येतात. नाहीतर मुळाच्या अलीकडे चाकासकट एक छोटी उडी मारायची. टेकायच्या क्षणी सीटवरून वजन जरा उचलायचं, सीटच्या पुढचं हँडल वर ओढायचं आणि पाय दाबायचा. ओली मुळं मात्र कायम काटकोनात ओलांडायची. तिरकं गेलं की चाक बाजूला निसटलंच म्हणून समजा. सुरुवातीला हे सगळं मनात बोलून करायचे. आता नजर मुळावर पडली की पाय आपोआप जुळवून घेतात, आणि त्या क्षणाचा आनंद मला अजूनही पहिल्या दिवसाइतकाच होतो.

पायवाटांवर एकचाकी चालवण्याचा हा प्रकार माणसांनी एकेकट्याने शोधून काढला, हे वाचलं तेव्हा फार भारी वाटलं. अलास्कातल्या सेवर्डमध्ये जॉर्ज पेक १९८० च्या दशकात खडकाळ वाटांवर एकचाकी चालवत होते. कॅनडातल्या क्रिस होम यांनी १९८६ मध्ये सुरुवात केली, आणि पुढे १९९९ मध्ये त्यांनी याच कामासाठी मजबूत एकचाकी बनवायला घेतल्या. त्याआधीचे हब आणि क्रँक असल्या वापरासाठी बनलेलेच नव्हते, उड्यांनी ते वाकायचे, तुटायचे. आज हबच्या दांड्याला खाचा असतात आणि क्रँक त्यात घट्ट बसतो. आपण निवांत उड्या मारतो त्यामागे या माणसांची मोडतोड आहे.

उताराला पाय मोकळे सोडता येत नाहीत. वर येणाऱ्या पेडलवर उलटा दाब देत चाक रोखावं लागतं, आणि लांब उतारावर गुडघे बोलायला लागतात. म्हणून मी ब्रेक बसवून घेतला. त्याचा लिव्हर सीटच्या टोकाखाली असतो. तो एकदम दाबायचा नाही, दाबला तर चाक जागच्या जागी थांबतं आणि आपण पुढे. एका बोटाने हलका घासत ठेवायचा आणि राहिलेलं काम पायांनी करायचं. चढावर चढून बसणं अवघड वाटत असेल तर वाटेला आडवं उभं राहून बसावं आणि मग वळून वर निघावं.

लांब अंतरासाठी ३६ इंची चाक. एका फेरीत जवळपास २.८७ मीटर, म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्या मारल्या तर ताशी १७ किलोमीटरच्या आसपास. एड प्रॅट या ब्रिटिश तरुणाने अशाच चाकावर २०१५ ते २०१८ मध्ये जगाची फेरी पूर्ण केली, सुमारे ३३,००० किलोमीटर. २००८ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात ८०० किलोमीटरची रिले शर्यतही झाली होती. हे चाक उंच आणि जड असतं, एकदा गतीला लागलं की रस्त्यावरचे छोटे खड्डे जाणवतही नाहीत. पण थांबवणंही तितकंच जड, त्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर ते मी नेत नाही. शिवाय माझा एक नियम आहे: जेवढ्या वेगाने धावता येतं तेवढ्याच वेगाने चालवायचं. एकचाकीवरून माणूस बहुतेकदा पुढे, पायांवर उतरतो, आणि त्या वेगाने चार पावलं धावता आलं तर काही होत नाही. नाही जमलं तर हात टेकतात, म्हणून हेल्मेटबरोबर मनगटाचे गार्ड घालतेच. पायवाटेवर नडगीचेही, कारण पेडलच्या खिळ्यांची जखम लवकर भरत नाही.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी दर वेळी तपासा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. एकचाकी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे सीट किंवा चाक काढून पुन्हा लावताना डावी बाजू उजवीकडे जाऊ शकते. तशीच चालवली तर पेडल दर फेरीला थोडं थोडं सुटत जातं आणि क्रँकचे आटे कायमचे खराब होतात. पेडलवर आणि क्रँकवर डावं-उजवं कोरलेलं असतं. बसण्याआधी एकदा वाकून ते वाचायचं, पान्याने दोन्ही पेडल आवळायची आणि निघायचं.