जुने कपडे कुठे आणून देऊ?

"सांगली-कोल्हापूरला पूर आलाय, घरात जुन्या कपड्यांचं गाठोडं आहे, कुठे आणून देऊ?" दर पावसाळ्यात हे विचारलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून मोकळेपणाने सांगतो: गाठोडं राहू द्या, तुम्ही या.

जुने कपडे निवडत बसायला माणसं लागतात आणि त्या दिवसांत नेमकी तीच कमी असतात. टेम्पोत भिजलेलं गाठोडं दोन दिवसांत कुबट होतं. द्यायचेच तर नवे परकर, टॉवेल, आतले कपडे, सॅनिटरी पॅड द्या. हे मागायला बायकांना संकोच वाटतो.

माणसं हवी असतात ती किट भरायला. पाच जणांच्या घराचं आठवड्याचं किट म्हणजे तांदूळ 5 किलो, गव्हाचं पीठ 5 किलो, तूरडाळ 2 किलो, साखर आणि मीठ 1-1 किलो, तेल 1 लिटर, शिवाय चहा, तिखट, हळद, साबण, मेणबत्त्या, काडेपेटी. टेबलं ओळीने लावायची, एका टेबलावर एकच जिन्नस, पिशवी पुढे सरकत जाते. शेवटी वजनकाटा. 2 किलो कमी भरलं तर डाळ राहिली. साधारण 1 किलो कमी भरलं तर साखर, मीठ नाहीतर तेल. हा काटा कंटाळवाणा वाटतो, पण रांगेतल्या शेजारच्या दोन घरांना कमी-जास्त मिळालं की तिथे वाटणाऱ्याची पंचाईत होते.

तेलाची पिशवी हमखास कोपऱ्यात फुटते आणि पीठ वाया जातं. म्हणून ती आणखी एका पिशवीत गाठ मारून, सगळ्यात वर, उभी ठेवायची. साबण वेगळा बांधायचा, नाहीतर चहाला त्याचा वास लागतो.

पोळ्या मात्र पाठवू नका. गरम बांधल्या की वाफ धरते. ऑगस्ट 2019 मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. असा रस्ता अडला की पोळ्या गाडीतच खराब होतात. चिक्की, बिस्किटं, चुरमुरे टिकतात.

पूर पुण्यातच आला, सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याला आला तसा किंवा जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत, तर काम वेगळं. पाणी ओसरलं की घरात गाळ उरतो. तो ओला असतानाच काढायचा, वाळला की फरशीला घट्ट धरतो. फावडं, घमेलं, खराटा, गमबूट, रबरी हातमोजे लागतात. आत शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे ना, हे विचारून घ्या. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीमुळे दूषित पाण्यातून होणारा आजार) भीती असते. किट भरायला बसा. आणि ब्लीचिंग पावडरवर संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही ओतू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पहिले दोन दिवस किट भरायच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दहाव्या दिवशी कामं तशीच असतात, माणसं नसतात. तुमचं नाव त्या दिवसासाठी लिहून ठेवू का?