ठिबक आधी टोकाला बुजतं

'पहाटे जाग येते तेव्हा लिंगाला ताठरता असते का?' संबंधाच्या वेळी ताठरता येईनाशी झाली म्हणून गेलो, तर यूरोलॉजिस्टने (मूत्रमार्ग-जननेंद्रियांच्या डॉक्टरने) पहिलं हेच विचारलं. मी यावल तालुक्यातला केळीवाला, डायबेटिस दहा-बारा वर्षांचा. नाही म्हणालो. दुखणं मनाचं असेल तर पहाटेची ताठरता बहुधा टिकून असते. तीही गेली म्हणजे मज्जातंतू नाहीतर रक्तवाहिन्या तपासायच्या, असं त्यांचं म्हणणं. भिंतीवरच्या 'गुप्तरोग'वाल्यांकडे आमच्या भागातले किती जण पैसे ओततात, पण हा प्रश्न तिथं कोणी विचारत असेल असं वाटत नाही.

मग रक्त. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.4 टक्के निघाली. कोलेस्टेरॉल वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन ठीक (ते सकाळीच तपासतात). मज्जातंतूंसाठी तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला, तो मला कळत होता.

खरी धाकधूक डॉपलरची, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीची. जळगावला केली. लिंगाच्या बाजूला बारीक सुईने इंजेक्शन देतात, रक्तवाहिन्या सैल पडाव्यात म्हणून. टोचल्याचं दुखणं मुंगी चावल्याएवढंच, लाजच जास्त. मग गार जेली आणि सोनोग्राफीचा प्रोब. मशीनमधून रक्ताचा फुस-फुस आवाज येतो आणि दर थोड्या वेळाने वेग मोजतात. तो सेकंदाला 25 सेंटिमीटरच्या खाली राहिला तर धमनीतून रक्त कमी पोचतंय असं धरतात. माझा 19. निघताना बजावलं: चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर रात्र असो की दिवस, थेट दवाखाना गाठा.

कारण डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने ती सैल होते आणि रक्त भरतं. वर्षानुवर्षांची साखर ते अस्तरच खराब करते, तंबाखू त्यात भर घालते. तिथली धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार. ठिबकमध्ये क्षार साचले की आधी ड्रिपर बुजतो, मेन लाइनला वेळ लागतो, तसंच हे. म्हणून हृदयाचा त्रास दिसायच्या दोन-पाच वर्षं आधी हे दिसू शकतं. गोळी लिहायच्या आधी त्यांनी टीएमटीला (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) पाठवलं ते याचसाठी. ती सुरळीत पार पडली.

आता साखरेची औषधं बदललीत, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू आहे, चुना-तंबाखूची डबी बायकोने चुलीत घातली. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी, 50 मिलिग्रॅम, संबंधाच्या तासभर आधी. भरीत-पुरी हाणून घेतली तर उशिरा लागू पडते, हे अनुभवाने सांगतो. दरवेळी जमतंच असं नाही, पण जमतं. बायकोला रिपोर्ट दाखवला तर म्हणे, 'मला वाटलं, तुमचं माझ्यावरून मनच उडालं.'

परवा साडूने हळूच गोळीचं नाव विचारलं. त्याची अँजिओप्लास्टी झालेली, खिशात सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी) कायम. म्हटलं, 'भो, या दोन गोळ्या एकत्र आल्या तर बीपी एकदम कोसळतं. तू आधी तुझ्या हृदयाच्या डॉक्टरला विचार, मग माझ्याकडे ये.'