शंभर किलोच्या वर वजन आणि डायरेक्शनल काइटबोर्डचे माप : माझा अनुभव

माझे वजन 102 किलो आहे, आणि हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर उभा आहे. काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने बोर्डवर उभे राहून पाण्यावरून सरकत जाणे, आणि पुण्यात या खेळाजोगे पाणी नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा सुट्टी जमवायची, विमानाने मदुराई आणि तिथून गाडीने रामेश्वरम गाठायचे, आणि उरलेले महिने कोथरूडच्या घरात बसून तिकडच्या वाऱ्याचे अंदाज वाचत काढायचे, असा गेली काही वर्षे माझा क्रम आहे. शेजारच्या काकूंच्या मते मी इतक्या लांब पतंग उडवायला जातो, आणि त्यांना खोडून काढण्यासारखे माझ्याकडे फारसे काही नाही.

आतापर्यंत मी 146 सेंटिमीटरचा ट्विनटिप, म्हणजे दोन्ही टोके सारखी असलेला बोर्ड वापरत होतो. वारा 18 नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे 33 किलोमीटरच्या, आसपास असेल तर त्यावर मजेत फिरता येते, पण तो 13-14 नॉटवर आला की माझ्यापेक्षा तीस किलोंनी हलकी मुले समोरून जात राहायची आणि मी कमरेइतक्या पाण्यातून बोर्ड काखेत मारून परत चालत यायचो. काइटच्या आकाराचा एक ढोबळ नियम आहे : किलोतल्या वजनाला 2.2 ने गुणायचे आणि नॉटमधल्या वाऱ्याने भागायचे. माझ्यासाठी 15 नॉटला, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर वाऱ्याला, उत्तर येते 15 चौरस मीटर. 12 नॉटला ते जवळजवळ 19 होते. एवढी मोठी काइट वळवायला संथ, पाण्यातून उठवायला जड आणि खिशालाही जड. माझी सर्वांत मोठी काइट 14 चौरस मीटरची आहे. ती बदलायची नाही असे ठरले की बदलण्याजोगा उरतो तो बोर्डच. एकाच दिशेने जाणारा, सर्फबोर्डसारखा टोकदार नाकाचा डायरेक्शनल बोर्ड कमी वाऱ्यात बराच पुढे नेतो, हे मी इतरांच्या पायांखाली पाहिले होते.

माप निवडताना पहिला घोळ लिटरचा, म्हणजे बोर्डच्या आकारमानाचा, झाला. लाटांवर नुसत्या हातांनी वल्हवत जाणाऱ्यांसाठी जे तक्ते असतात, त्यांत माझ्या वजनाला चाळीस लिटरच्या आसपासचा बोर्ड सुचवलेला असतो, तर काइटसाठी मिळणारे बहुतेक डायरेक्शनल बोर्ड वीस ते पस्तीस लिटरमध्ये संपतात. म्हणजे आपल्या मापाचा बोर्ड कोणी करतच नाही की काय, असे वाटून मी दोन आठवडे खट्टू होतो. मग शाळेतला आर्किमिडीज आठवला. 30 लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर खाऱ्या पाण्यात साधारण 31 किलो वजन उचलून धरतो. त्यातून बोर्डाचे स्वतःचे साडेतीन किलो वजा केले की उरतात सत्तावीस. त्यावर 102 किलोचा माणूस स्थिर उभा राहिला तर तो बुडणारच, आणि बोर्ड 36 लिटरचा घेतला तरी बुडणारच. माणसाला वर धरतात ती काइटची ओढ आणि वेग घेतल्यावर तळाला मिळणारा पाण्याचा रेटा. म्हणून लिटरपेक्षा रुंदी किती आहे आणि तळाची लांबीतली वक्रता, ज्याला रॉकर म्हणतात, ती किती सपाट आहे, हे आधी पाहायला हवे. लिटर उपयोगी पडतात ते वारा क्षणभर पडला किंवा वळताना पाय बदलले तेव्हा; बोर्ड लगेच खाली बसत नाही, एवढेच.

हे कळल्यावर मी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून तीन मापे प्रत्यक्ष कापून दिवाणखान्यात मांडली आणि त्यांवर उभा राहून पायांतले अंतर पाहिले. घरच्यांनी सोसले. पुठ्ठ्यावरून पाण्यातले काही कळत नाही, पण 5 फूट 6 इंचाच्या बोर्डवर माझा पुढचा पाय नाकाच्या किती जवळ जातो, हे मात्र तिथेच दिसले.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. नैऋत्येचा वारा होता आणि ओळखीच्या दोघांनी आपापले बोर्ड एकेक दिवस दिले. 5 फूट 6 इंच, 25 लिटरचा बोर्ड 17 नॉटला फार गोड वळला. पण वारा 14 वर येताच त्याचे शेपूट खाली बसले आणि मला काइट सतत वरखाली फिरवून वेग टिकवावा लागला. 6 फूट 2 इंच, 34 लिटरचा बोर्ड 12 नॉटलाही निघाला आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे, इतका सहज चढला की मी थक्क झालो. दुपारी वारा 20 वर गेला तेव्हा तोच बोर्ड बारीक लाटांवर आपटू लागला. मोठा बोर्ड जोरदार वाऱ्यात हाताबाहेर जातो, असे सगळे सांगतात ते खरे आहे, पण ते बहुधा सत्तर किलोच्या माणसाचे सांगणे असते. बोर्डची कड पाण्यात दाबून धरायला माझे वजन कामी आले आणि त्यांच्यापेक्षा बराच वेळ मी तो ताब्यात ठेवू शकलो. वळणे मात्र बैलगाडीची होती.

शेवटी मी 5 फूट 10 इंच लांब, 19 इंचांहून किंचित रुंद, 29 लिटरचा, सपाट रॉकरचा बोर्ड घेतला. सहा फुटांच्या पुढे न जाण्याला विमानाचेही कारण होते, कारण सामानाच्या लांबीवर अनेक कंपन्या मर्यादा घालतात. त्याच किमतीत एक सुंदर, हलका सर्फबोर्ड मिळत होता. तो सोडला, कारण लाटांसाठीच्या पातळ काचतंतूच्या कवचावर माझ्या टाचांनी महिन्याभरात खड्डे पडले असते. काइटसाठीच्या बोर्डचा वरचा थर मुद्दाम जाड आणि कडक केलेला असतो, आणि जड माणसाने त्या अर्ध्या-एक किलोच्या जादा वजनाची तक्रार करू नये. पाय अडकवायचे पट्टे बसवले नाहीत. पट्ट्यांत पाय अडकले की भार नेमका त्याच जागांवर पडत राहतो.

जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्यात 14 नॉटला, 14 मीटरच्या काइटवर, मी पहिल्यांदा चालत न येता जिथून निघालो तिथेच परत आलो. वळताना पाय बदलायला अजून जमत नाही, दहातून सात वेळा पाण्यात पडतो, पण त्यात बोर्डच्या मापाचा दोष नाही.