रुळांच्या जुन्या वाटेवर दम का लागतो?

‘रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून जाणारी सायकलफेरी ना? मग ती सपाटच असणार. तिला सोपी न म्हणता ‘मध्यम’ अवघड का म्हणतात?’ सायकलवाल्यांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने फिरतं, म्हणून एकच इंजिन एवढे डबे ओढू शकतं. चढावर मात्र हाच गुण नडतो, चाकं जागच्या जागी घसरायला लागतात. त्यामुळे मार्ग आखणाऱ्यांनी जमेल तिथे चढ शंभराला एकच्या, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंचीच्या, आसपास ठेवला, अडचणीच्या जागी पन्नासाला एक. वाटेत टेकडी आली की ती खोदायची, निघालेली माती पुढच्या खोलगट जागी भराव म्हणून ओतायची आणि वळणं ऐसपैस घ्यायची. रूळ उखडले की मागे उरते ती ही वाट.

आता शंभराला एक हा चढ डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना बरोबर कळतो. सायकलसकट तुमचं वजन 90 किलो असेल आणि वेग ताशी 15 किलोमीटर ठेवायचा असेल, तर या न दिसणाऱ्या चढासाठी सुमारे 37 वॉट जास्त लावावे लागतात. रमतगमत चालवणारा माणूस एकूण शंभरेक वॉट लावतो असं धरलं, तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद तिथेच गेली. शिवाय हा चढ संपत नाही. डोंगरातल्या वाटेवर चढानंतर उतार येतो, पाय थांबवून श्वास घेता येतो. इथे वीस किलोमीटर एकाच लयीत पायडल मारायचं आणि शेवटी 200 मीटर उंची कमावलेली असते. खोगिरावर बसायची ढबही बदलत नाही. बरेच जण या कंटाळ्यालाच थकवा समजतात. माझ्या मते दोन्ही खरं असतं.

सगळे रेल्वेमार्ग सपाट असतात, हेही खरं नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा हाय पीक ट्रेल बघा. तिथला क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेमार्ग 1830–31 मध्ये सुरू झाला, दोन कालवे जोडण्यासाठी. जोसायस जेसप या अभियंत्याने तो कालव्याच्या हिशेबाने आखला. लांबलचक सपाट पट्टे ठेवायचे आणि कालव्यात जिथे पाण्याची पातळी बदलणारे दरवाजे आले असते, तिथे थेट तिरका चढ द्यायचा. मिडल्टनचा चढ सव्वाआठाला एक! तिथे डबे माथ्यावरच्या वाफेच्या इंजिनाने दोराने ओढले जायचे. हे इंजिन 1829 सालचं, अजून जपून ठेवलेलं आहे. मार्ग 1967 मध्ये बंद झाला. तिथे आज सायकल हातात धरून ढकलत नेणारे लोक दिसले, तर त्यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. वाफेच्या इंजिनालाही तो चढ दोराशिवाय जमला नव्हता.

त्याच भागातला टिसिंग्टन ट्रेल दुसरी गंमत दाखवतो. 1899 मध्ये सुरू झालेल्या ॲशबोर्न–बक्स्टन मार्गावर 1971 मध्ये ही सुमारे 21 किलोमीटरची वाट झाली. ॲशबोर्नजवळ बेंटली ब्रूक या ओढ्यावरचा पूल काढून टाकलेला आहे. त्यामुळे सपाट चाललेली वाट एकदम खाली कोसळते आणि पलीकडे तितकीच उभी चढते. बंद मार्गांवर हे ठिकठिकाणी भेटतं. भराव तसाच राहतो, लोखंडी पूल मात्र तोडून नेलेला असतो. उताराच्या तळाशी बहुधा रस्ता किंवा पाणी असतं आणि टायरखाली सुटी खडी. ब्रेक आधीच दाबा, वळणावर नको.

पृष्ठभागाचंही तसंच आहे. चांगल्या केलेल्या वाटेवर बारीक खडी दाबून बसवलेली असते. जिथे कुणी हात लावलेला नाही, तिथे रुळांखालची टोकदार मोठी खडी तशीच पडलेली असते आणि स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) काढलेल्या जागी ओळीने खळगे. खोदलेल्या भागात ऊन पोचत नाही, बाजूची गटारं तुंबलेली असतात, मग पाऊस थांबून आठवडा झाला तरी चिखल असतो. भरावावर उलट, वाट कोरडी पण वारा मोकळा. बोगदा असेल तर पुढचा दिवा हवाच. आत छतावरून पाणी ठिबकतं आणि समोरून चालणारी माणसं येतात.

तरीही ‘मध्यम’ हा शिक्का बहुतेक वेळा रेल्वेच्या पट्ट्यामुळे बसत नाही. रेल्वे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, गोल फिरून परत येत नाही. फेरी पुरी करायची तर दोन जुने मार्ग गाडीवाटांनी किंवा शेतांच्या कडेच्या पायवाटांनी जोडावे लागतात. त्या वाटा बैलांनी आणि माणसांनी पाडलेल्या, इंजिनाची तमा न बाळगणाऱ्या. दोन मार्गांच्या मधली टेकडी त्या सरळ अंगावर घेतात. तीस किलोमीटरच्या फेरीत असा तुकडा चारच किलोमीटरचा असला, तरी अवघड म्हणावं असं सगळं त्यातच असतं. म्हणून नकाशावर एकूण अंतर बघण्याआधी हे जोड बघा.

फेरी कुठल्या बाजूने सुरू करायची, तर हे जोड पाय ताजे असताना येतील अशा बाजूने. रेल्वेचा पट्टा परतीला ठेवा, तोही उताराच्या दिशेने जमला तर फारच छान. मग तेच 37 वॉट तुमच्या बाजूने काम करतात. भरावावर वारा समोरून येणार असेल, तर मात्र मी हा सगळा हिशेब उलटा करतो.

सायकल कुठली, हेही विचाराल. पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाइक पुरते, मागच्या सस्पेन्शनचं इथे काही काम नाही. टायर दोन इंचांहून रुंद असतील तर हवा 25–30 पीएसआय ठेवा. आणि घंटी लावा. या वाटा चालणाऱ्यांच्याही असतात, काही ठिकाणी घोडेस्वारांच्याही. खडीवर टायरचा आवाज होतो खरा, पण बोलत चाललेल्या माणसांना तो ऐकू येत नाही.