रास्ता रोकोची केस अंगावर असताना परदेशात जाऊन आलो, माझा अनुभव

मी पांढरकवड्याकडचा. कोरडवाहू वावर, कापूस नं तूर. कापसाच्या भावासाठी आम्ही करंजीजवळ हैदराबाद हायवेवर बसलो होतो, दोनेक तास गाड्या थांबल्या, संध्याकाळी ठाण्यात नेऊन चहा पाजून सोडून दिलं, आम्हाला वाटलं झालं. कुठचं काय, जुन्या दंड संहितेचं कलम १४३, ३४१, १८८ (बेकायदा जमाव, वाट अडवणं, हुकूम मोडणं) आणि वरून पोलीस कायद्याचं १३५ लावून चार्जशीट कोर्टात गेलं नं तेव्हापासून तारखाच चालू आहेत. अर्धे साक्षीदार हवालदार होते, ते आता बदलून कुठल्या कुठे गेले.

मग श्रीलंकेत कोरडवाहू शेतकऱ्यांची एक बैठक निघाली, तिकीट तेच देणार, तुम्ही फक्त पासपोर्ट काढा म्हणाले. इथून खरी गंमत.

फॉर्म नेट कॅफेतल्या पोट्ट्याने भरला. त्यात एक प्रश्न असतो, कोर्टात फौजदारी केस पेंडिंग आहे का, त्यावर याने मला न विचारताच 'नाही' करून टाकलं, म्हणे सगळ्यांचं असंच करतो. दीड हजार फी भरली, नागपूरला जाऊन फोटो नं बोटांचे ठसे देऊन आलो. मग व्हेरिफिकेशनला जमादार घरी आले, बाजेवर बसले, चहा घेतला नं म्हणाले, "भाऊ, मी काय लिहू तुमीच सांगा, केस तर दिसून रायली." रिपोर्ट ॲडव्हर्स, म्हणजे माझ्या विरोधात गेला. महिन्याभराने पत्र, माहिती का लपवली याचा खुलासा द्या. दंडही भरला. म्हणून आधीच सांगतो, तो रकाना स्वतः वाचून भरा.

वकीलसाहेबांनी समजावलं ते असं. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात कलम ६(२)(एफ) आहे, कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता एफआयआर असेल तर हे कलम लागत नाही, २०१९ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने तसं कळवलं आहे, पण माझं तर चार्जशीट गेलेलं. मग वाट एकच, २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना. ज्या कोर्टात खटला आहे तिथून देशाबाहेर जायची परवानगी आणायची नं बोलावलं तर हजर राहीन असं लिहून द्यायचं.

अर्ज टाकला. सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, यायला तीन तारखा गेल्या, एकदा जजसाहेब रजेवर. शेवटी ऑर्डर झाली, चार ओळींची, आणि त्या चार ओळीत मुदत लिहिलेली नव्हती. आमच्याच अर्जात मागायची राहिली होती. मुदत नसली की पासपोर्ट एकच वर्षाचा मिळतो, तोच हाती आला. आता हिशेब पाहा, श्रीलंकेला पोचताना पासपोर्टमध्ये निदान सहा महिने बाकी लागतात, बऱ्याच देशांचं असंच आहे, म्हणजे नावाला एक वर्ष पण कामाचे महिने सहाच. बैठक नशिबाने त्या सहात बसली.

जायच्या आधी आठ दिवस झोप नव्हती. कारण लूकआऊट सर्क्युलर, म्हणजे या माणसाला विमानतळावर अडवा अशी सूचना. आपलं नाव त्यात आहे की नाही हे घरी पत्र येऊन कळत नाही, विमानतळावर पासपोर्ट तपासायच्या काउंटरवर उभं राहिल्यावरच कळतं. ग्रीनपीस या पर्यावरणवाल्या संस्थेच्या प्रिया पिल्लै जानेवारी २०१५ मध्ये लंडनला ब्रिटिश खासदारांपुढे खाणीबद्दल बोलायला निघाल्या होत्या, त्यांना दिल्लीच्या विमानतळावरून परत पाठवलं, पासपोर्टवर ऑफलोडचा, म्हणजे विमानात चढू दिलं नाही असा, शिक्का मारला. मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने ते सर्क्युलर रद्द केलं नं शिक्काही काढायला लावला, पण बैठक तर केव्हाचीच होऊन गेली होती. त्यांच्यासारखं आपलं नाव मोठं नाही हे मला समजत होतं, पण पोटाला समजत नव्हतं.

ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी बायकोने बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून दिली होती, पावसात भिजू नये म्हणून. काउंटरवरच्या साहेबाने पासपोर्ट उलटापालटा केला, "एक साल का क्यों?" मी पिशवी काढली. तर म्हणे बाजूला बसा. बसलो, मागची लाईन भराभरा पुढं सरकून रायली, बोर्डिंगची घोषणा एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली. मग दुसरा साहेब आला, ऑर्डर वाचली, कोर्टाचा जांभळा शिक्का अंगठ्याने घासून पाह्यला, अंगठा जांभळा झाला तर खिशातल्या रुमालाला पुसला. "रास्ता रोको? बस इतनाच?" मी म्हटलं हो साहेब, कापसाच्या भावासाठी. फोनवर काहीतरी बोलला नं मला सोडलं. पस्तीस-चाळीस मिनिटं झाली असतील, विमानात मी शेवटचा चढलो, सगळे माझ्याकडे पाहून रायले की याच्यापायी उशीर झाला.

बैठक चांगली झाली, ते वेगळं लिहीन कधी.

परत येताना पुन्हा पिशवी हातात घेऊन उभा होतो, काय काय बोलायचं ते पाठ करून. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता शिक्का मारला नं पुढच्याला हाक दिली. मी तिथंच उभा, तर मागचा म्हातारा म्हणाला, "भाऊ, झालं तुमचं, सरका."

पासपोर्ट मागच्या महिन्यात संपला. केस चालूच आहे. पुढच्या तारखेला परत अर्ज टाकतोय, यावेळी त्यात दहा वर्षं असं आकड्यात नं अक्षरात दोन्ही लिहायला सांगितलं आहे.