वेणी, अंबाडा आणि केशवपन

श्रावण आला की पुण्याच्या तुळशीबागेत मंगळागौरीसाठी गंगावने, आकडे आणि फुलांच्या वेण्यांची खरेदी सुरू होते. तिपेडी वेणी बहुतेकींना येते. पाचपेडीत मात्र कडेची बट लगतच्या बटेवरून आणि पुढच्या बटेखालून काढत मधोमध आणावी लागते, आणि हात सैल पडला तर सगळी वीण उसवते.

घट्ट अंबाडा, त्यावर मूद किंवा अग्रफूल असा केसांतला दागिना आणि भोवती अबोलीची वेणी, हा थाट सौभाग्याची खूण मानला जाई, आणि म्हणूनच पती वारल्यावर अनेक ब्राह्मण घरांत त्याच केसांवर वस्तरा फिरवला जाई. केशरचनेच्या इतिहासातून ही क्रूरता वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची निवासी शाळा, मुंबईहून पुण्यात आले, आणि १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी येथेच विधवांसाठी आश्रम काढला.

केशवपन थांबले, तरी गजरा माळताना बिचकणाऱ्या विधवा मी पाहिल्या आहेत. आमच्या सोसायटीत आता हळदीकुंकवाला त्यांनाही आग्रहाने बोलावतात, आणि गजरा सर्वांना सारखाच दिला जातो.